दोनशे सदतीस टाचण्या

काचेचा ग्लास पाण्याने काठोकाठ भरलाय. आता एक थेंबसुद्धा मावणार नाही असं दिसतंय. न सांडता त्यात किती टाचण्या मावतील? सांगा. डोकं खाजवू नका, मोबाईल काढू नका. सांगा.

‘एकही नाही’ म्हणालात? की भीत भीत ‘पाच-सहा’? वाटलंच होतं. शाळेत तुम्ही पृष्ठताणाची व्याख्या दोन गुणांसाठी घोकली असेल, तिच्याखाली पट्टीने रेघही मारली असेल, पण पाण्याकडे धड कधी बघितलं नसेल. दोष तुमचा नाही. तुम्हाला कुणी बघूच दिलं नाही. आणि जी बाई बघू देत होती, तिच्या हातून आता किल्ली काढून घ्यायला निघालेत. गोष्ट तिचीच आहे, आणि ती मी गोड करून सांगणार नाही.

सगळी शाळा तिला थेंबमावशी म्हणते. हुद्दा विचाराल तर ‘प्रयोगशाळा परिचर’, म्हणजे साध्या भाषेत काच धुणारी. शिक्षण आठवी. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. नवरा पंक्चर काढतो आणि गाड्यांच्या बॅटऱ्या बघतो. दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत, तिथून मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येते.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने दोन डझन बीकर धुऊन, फडक्याने घासून लखलखीत करून ठेवले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. तेव्हा रसायनशास्त्राला जुन्या बाई होत्या. त्यांनी एक बीकर उचलला, पाणी भरून ओतून दिलं आणि काच उजेडाकडे धरली.

“हे बघ. इथे पाणी फाटलंय.”

“पाणी कधी फाटतं होय, बाई?” थेंबमावशीला हसू आलं.

“फाटतं. काच स्वच्छ असेल तर पाणी अंगभर पसरतं आणि सलग उतरतं. तेलकट बोट लागलेलं असेल तिथे ते तुटतं, थेंब होऊन बसतं. आणि साबण राहिला असेल तर? थोडं पाणी घालून गदागदा हलव, फेस चुगली करतो. काच धुतली गेली का हे डोळ्याला विचारायचं नाही. डोळा चमक बघून भुलतो. पाण्याला विचारायचं.”

दोन्ही डझन तिने परत धुतले. बाईंचा रागही आला होता तिला. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, “पाण्याला विचारायचं म्हणे! उद्या नळाला नमस्कार करायला लावतील.” पण सवय लागली ती लागलीच. पुढे शाळेने शुद्ध पाणी मागवणं बंद केलं, तेव्हा काचेला शेवटचा हात द्यायला ती नवऱ्याच्या दुकानातलं बॅटरीत घालायचं पाणी डब्यातून आणू लागली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

अकरा वर्षं ती तासाला मागे उभी राहून ऐकत होती. जुन्या बाई शिकवायच्या चाळीस पोरांना, शिकायची एक्केचाळीसावी. तिच्या डोक्यात ते तिच्याच भाषेत बसलं. पाण्याच्या रेणूत मधला ऑक्सिजन हावरट, दोन्ही हायड्रोजनांशी भागीत असलेले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून बसतो. म्हणून त्याची बाजू जराशी ऋण आणि हायड्रोजनांची जराशी धन. मग या रेणूची धन बाजू शेजारच्याच्या ऋण बाजूला जाऊन धरते. पुस्तक त्याला आंतररेण्वीय बल म्हणतं. मावशी म्हणते, शेजाऱ्याने शेजाऱ्याचा हात धरलाय. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी. वरच्या थरातल्याच्या डोक्यावर कुणीच नाही, मग तो बाजूच्याला आणि खालच्याला धरून राहतो. म्हणून पाणी वरून ताणून बसतं, म्हणून थेंब गोल होतो. कुठे काही चुकलंय का यात? एखाद्या पदवीवाल्याला दाखवा, आणि चूक सापडली तर सांगा.

मग जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि गाईडवाले सर आले. नाव पोरांनी ठेवलंय आणि चपखल ठेवलंय. खुर्चीत बसून गाईड उघडायचं आणि लिहून द्यायचं. प्रयोगाचा तास म्हणजे गेल्या वर्षीची वही समोर ठेवून यंदाची वही भरायची. एका वर्षी कुणीतरी घाईत पाण्याचा उत्कलनबिंदू शंभरऐवजी एकशे नव्वद लिहिला. ते पाणी पुढे तीन वर्षं दीडशे वह्यांमधून एकशे नव्वदवर उकळत राहिलं आणि प्रत्येक वहीखाली सरांची लाल सही! ‘तपासले’. काय तपासलं? स्वतःचं पेन चालतंय का ते?

प्रयोगशाळेला कुलूप आणि किल्ली मावशीकडे. रोज धूळ पुसायची, काच धुवायची आणि न वापरलेली काच दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायची. एक दिवस मधल्या सुट्टीत दहावीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. वर्गात तिला ‘काबरं’ म्हणतात, कारण प्रत्येक वाक्याला ती ‘का बरं?’ विचारते. सरांनी तिला त्यासाठी तीनदा वर्गाबाहेर काढलेलं.

“मावशी, सरांनी लिहून दिलं की ग्लिसरीन पाण्यापेक्षा जास्त दाट वाहतं. का बरं?”

“सरांना विचार की.”

“विचारलं. म्हणाले, परीक्षेत येणार नाही.”

मावशीचं डोकं फिरलं. कपाट उघडलं, तीन बाटल्या काढल्या आणि पोरीच्या मनगटावर ड्रॉपरने स्पिरिटचा एक थेंब सोडला. “काय वाटतंय?”

“गार! आणि... उडालं पण.”

“याला हात एकच. धरलं काय, सोडलं काय. पटकन सुटतो, जाताना अंगातली ऊब घेऊन जातो. पाणी दोन हातांनी धरतं, ते बसून राहतं. आणि हे ग्लिसरीन.” तिने बाटली आडवी केली, आतला बुडबुडा रमतगमत वर निघाला. “याला तीन हात. प्रत्येक हाताने कुणीतरी धरलेलं. सगळ्यांचे हात सोडवत सोडवत वाहायचं म्हणजे उशीर होणारच. तू लग्नाच्या मांडवातून बाहेर पडायला बघ, तीन आत्यांनी धरलं की कळेल.”

दुसऱ्या दिवशी चार पोरं आली. महिन्याभरात वीस-बावीस. घास तोंडात आणि डोळे ओट्यावर. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोनदा दारावरून गेल्या आणि दोनदा न बघितल्यासारखं केलं. फुकटात होतंय ना, होऊ दे.

आणि मग नोटीस लागली. प्रयोगशाळेत मोठा पडदा बसवायचा. प्रयोग आता पडद्यावर दिसतील. दगडी ओटे काढायचे, नळ बंद करायचे. काच फुटणार नाही, अंगावर काही सांडणार नाही, हात ओले होणार नाहीत. फक्त त्याआधी एक तपासणी समिती येऊन बघणार होती, प्रयोगशाळा वापरात आहे की नाही. वापरात असेल तर ठेवायची.

मावशीला वाटलं, आली संधी. तिने कपाटातल्या बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्या, केशनळ्या एकेक करून उजेडाकडे धरून बघितल्या. सरांना म्हणाली, “सुई तरंगवायचा प्रयोग ठेवा. सोपा आहे आणि दिसतो छान.” सरांनी ठेवला. मोठ्या बाईंना मात्र मावशीच्या हातावर भरवसा नव्हता. आदल्या संध्याकाळी, मावशी घरी गेल्यावर, त्यांनी कार्यालयातल्या जोडकिल्लीने खोली उघडून सफाईच्या कंत्राटवाल्यांना बोलावलं. पोरं त्यांना चकाचकवाले म्हणतात. त्यांनी लिंबाच्या वासाचा घट्ट साबण लावून सगळी काच घासली, एकेकदा पाण्याखाली धरली आणि कोरड्या फडक्याने पुसून लखलखीत रांगेत मांडली.

सकाळी मावशीला फाटकावर पाहुण्यांना पाणी द्यायला उभं केलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून लिंबाचा वास आला आणि ती ट्रे घेऊनच धावली.

“सर, काच परत खळबळून घेऊ द्या. पाचच मिनिटं.”

सरांनी बीकर उंच धरला. “मावशी, हे बघा. असं चमकवलं होतंत का कधी तुम्ही जन्मात?”

“चमक काय चाटायचीय? साबण राहिलाय त्यात.”

“ट्रे घेऊन फाटकावर जा.”

समिती आली. तिघे होते, बोलणारा एकच, तपासणीचे साहेब. पोरं रांगेत बसली. सरांनी घसा साफ केला, बीकरात पाणी ओतलं, टिपकागदाच्या तुकड्यावर सुई ठेवून कागद पाण्यावर सोडला. कागद भिजून खाली गेला. सुईही गेली. दुसरी सुई गेली. तिसरी तर कागदाच्याही आधी गेली.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

“सुई जरा जड आहे,” सर म्हणाले.

“गाईडमध्ये हलकी होती का?” साहेबांनी विचारलं. आणि मग सरांनी जे केलं ते लक्षात ठेवा, कारण अशी माणसं तुमच्याही शाळेत, तुमच्याही कचेरीत आहेत. ते वळले आणि दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे बोट दाखवलं.

“काय सांगायचं साहेब, भांडी धड धुतली जात नाहीत. आमच्या मावशी आठवी शिकलेल्या. सांगून सांगून थकलो.”

मावशीने ट्रे ओट्यावर इतक्या जोरात ठेवला की दोन ग्लास आडवे झाले.

“ही काच मी धुतलेली नाही, सर. मी धुतली असती तर तुमची सुई पोहत पोहत पलीकडच्या काठाला लागली असती.”

सगळा वर्ग हसला.

“मावशी! पाहुण्यांसमोर...” मोठ्या बाई ओरडल्या.

“पाहुण्यांसमोरच बोलते, बाई. पाहुणे गेल्यावर तुम्ही कान कुठे देता?” ती साहेबांकडे वळली. “दहा मिनिटं द्या.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “द्या की.”

तिने सरांच्या हातातून बीकर घेतला, बुडालेल्या सुया आणि कागद काढले, घोटभर पाणी ठेवून बाकी ओतलं, तोंडावर तळहात दाबून गदागदा हलवला. आत पांढऱ्या फेसाची झालर उभी राहिली. तिने तो साहेबांच्या नाकाखाली धरला. मग नळ सोडला. पोरं मोठ्याने मोजू लागली. एक! दोन! आठव्यांदा खळबळल्यावर फेसाचा मागमूस राहिला नाही. शेवटचा हात बॅटरीच्या पाण्याचा. नवं पाणी, नवा टिपकागद, सुई पुसून वर ठेवली. कागद डुलत तळाला गेला आणि सुई वर राहिली. तिच्याभोवती पाण्याला चक्क खळगा पडला होता, उशीवर डोकं ठेवल्यावर पडतो तसा. साहेब खुर्चीतून उठून ओट्याशी वाकले.

“आता चकाचकवाल्यांची एक काडी,” मावशी म्हणाली आणि लिंबाच्या साबणात बुडवलेली काडी पाण्याच्या कडेला टेकवली. सुई गपकन बुडाली.

साहेबांनी वर्गाला विचारलं, “का बुडाली?”

सगळा वर्ग एका सुरात सुरू झाला, “द्रवाच्या मुक्त पृष्ठभागावरील...”

“ती व्याख्या झाली. बुडाली का?”

काबरं उभी राहिली. “वरच्या थरातल्या पाण्याने एकमेकांचे हात धरलेले असतात, म्हणून सुई पेलते. साबण म्हणजे काड्या करणारा शेजारी आहे साहेब. त्याचं एक टोक पाण्याकडे, दुसरं पाण्यापासून पळणारं. तो वरच्याच थरात घुसतो आणि धरलेले हात सैल करतो. ओढ कमी झाली की सुई गेली.”

“शाब्बास! हे कुणी शिकवलं?”

पोरीने अभिमानाने बोट दाखवलं. “थेंबमावशींनी. रोज मधल्या सुट्टीत.”

साहेब हसले, मावशीला मान लववली, काहीतरी लिहून घेतलं. त्या दिवशी मावशी दुकानात गेली ती चालत नव्हती, तरंगत होती.

आठव्या दिवशी अहवाल आला. दोनच ओळी. प्रयोगशाळेतील साहित्य प्रात्यक्षिकासाठी निकामी आढळले. तसेच अशैक्षणिक कर्मचारी विद्यार्थ्यांना अध्यापन करत असल्याचे एका विद्यार्थिनीच्या निवेदनातून उघड झाले, ही बाब नियमबाह्य आहे. म्हणून खोलीचा पडदा मंजूर, मावशीची बदली फाटकावर आणि किल्ली महिनाअखेर कार्यालयात जमा.

साहेबांना कळलं नसतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांना कळलं होतं. सुईभोवतीचा खळगा त्यांनी ओट्याला नाक लावून बघितला होता. कळून लिहिलं.

मावशी तो कागद घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. “बाई, साहेबांनी डोळ्यांनी बघितलं ना? तुम्हीही होतात.”

“बघितलं हो,” मोठ्या बाई फायलीत बघत म्हणाल्या. “पण फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही.”

रकाना नाही! एकोणीस वर्षं ज्या हातांनी काच धुतली, त्यांच्यासाठी कागदावर बोटभर चौकट नाही. मावशीने तोंडावर आलेलं सगळं तिथेच बोलून टाकलं. ते इथे लिहिलं तर छापणार नाहीत.

संध्याकाळी ती दुकानात टायरवर बसून होती. नवरा टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत होता. तेवढ्यात काबरं आली, डोळे सुजलेले.

“मावशी, मी तुमचं नाव सांगायला नको होतं.”

“खरं बोललीस म्हणून रडतेस?” मावशी उसळली. “पूस डोळे! रडायचं असेल तर त्यांनी रडावं, ज्यांना तुझं खरं बोलणं पुरावा म्हणून वापरताना लाज वाटली नाही.”

“अगं, पोरीवर काय ओरडतेस?” नवरा म्हणाला. त्याने ओले हात पुसून अहवालाचा कागद उचलला आणि उलटा केला. त्याची सवयच तशी, ट्यूबसुद्धा तो आधी आतून बघतो. “हे बारीक अक्षरात काय लिहिलंय? ‘खोलीच्या वापरातील बदलास पालकांची हरकत असल्यास ती एकवीस दिवसांत लेखी कळवावी. शंभर हरकती आल्यास फेरतपासणी करण्यात येईल.’ मग? वाचता येत नाही का त्या शाळेत कुणाला?”

“सह्या काय कुणीही करतं,” मावशी कडवटपणे म्हणाली. “न वाचता करतात. सर नाही का करत?”

काबरं टबाकडे बघत होती. “मावशी, रकाना नाही म्हणाल्या ना बाई? मग आपण काढू. नाव, सही आणि तिसरा रकाना.”

“कसला?”

“टाचण्यांचा.”

तिथेच, हवा भरायचं मशीन बंद करून, कारण त्याने टेबल थरथरत होतं, त्यांनी चहाचा काचेचा ग्लास आठ वेळा खळबळून काठोकाठ भरला. पोरीने एकेक टाचणी टोकाकडून, अलगद सोडायला सुरुवात केली. पन्नास झाल्या. शंभर झाल्या. गिऱ्हाईकं गाड्या तशाच लावून बघत उभी राहिली. पाणी काठाच्या वर फुगून आलं, घुमटासारखं, आणि हलेना. दोनशेला नवऱ्याने श्वास रोखला. दोनशे अडतिसाव्या टाचणीला एक थेंब काठावरून ओघळला.

“दोनशे सदतीस,” मावशी म्हणाली. अहवाल आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं, आणि ते बघून पोरीला पुन्हा रडू फुटलं.

हरकतीचं पत्र असं तयार झालं. सहीपुढे आकडा. आकडा नसलेली सही मावशी घेत नाही. पहिली सही गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याची, त्याचा मुलगा याच शाळेत, आणि त्याला टाचण्यांची काय कमी. त्याच्या एकशे एकोणनव्वद झाल्या. एका आईने घाईत ‘बत्तीस’ लिहून पाठवलं. मावशीने पत्र परत धाडलं, “ग्लास साबणाचा आहे. नीट धुवा, मग करा.” आई चिडली, धुतला आणि दोनशे चौदा लिहून आणले. वर विचारत होती, “मावशी, असं का होतं हो?” चाळिशीच्या बाईला पहिल्यांदा पडलेला तो प्रश्न. तो तिला पंधराव्या वर्षी पडायला हवा होता. कुणी अडवला, ते तुम्हीच बघा.

काल संध्याकाळपर्यंत सत्तावन्न सह्या झाल्या. सहा दिवस उरलेत. ओटे फोडायची माणसं सांगून ठेवली आहेत म्हणे.

तेव्हा आता तुमच्याकडे वळतो. तुमचं मूल त्या शाळेत आहे आणि तुम्ही अजून घरात बसलायत. उठा. एक काचेचा ग्लास घ्या, साबण असेल तर आठ वेळा खळबळा, हलवून फेस बघा. डोळ्याला विचारू नका, पाण्याला विचारा. काठोकाठ भरा. टाचण्या एकेक सोडा, मूल शेजारी बसवून, मोठ्याने मोजत. शेवटी सांडेल, सांडू द्या, फडकं हाताशी ठेवा. मग शाळेच्या मागच्या गल्लीत पंक्चरच्या दुकानात या आणि सहीपुढे तुमचा आकडा लिहा. खोटा लिहू नका, मावशीला कळतो. सहा दिवसांच्या आत या.